सांधा उत्तम, तरीही गुडघा दुखतो
सांधेरोपणानंतर रेंगाळणाऱ्या वेदनेविषयी काही विचार

चार वर्षांपूर्वीची गोष्ट आहे. शहापूर भागातील एक निवृत्त मुख्याध्यापिका गुडघ्याच्या सांधेरोपणानंतर साडेतीन महिन्यांनी तपासणीसाठी आल्या. शस्त्रक्रिया मीच केली होती. जखम उत्तम भरली होती, गुडघा ११० अंशांपर्यंत वाकत होता, क्ष-किरण चित्रात सांधा जेथे असावयास हवा तेथेच होता. बाई म्हणाल्या, "डॉक्टर, रात्री झोप लागत नाही. पांघरूण लागले तरी आग होते." मी चित्र प्रकाशपेटीवर लावले आणि म्हणालो, "बाई, फोटो अगदी छान आला आहे. थोडा धीर धरा." बाहेर वीस रुग्ण बसले होते. बाईंनी मान डोलावली आणि त्या गेल्या. त्यानंतर त्या आल्याच नाहीत. न येणारा रुग्ण बरा झाला असे आपण शल्यचिकित्सक मनाशी धरून चालतो. मीही तसेच धरले.

दहा महिन्यांनी एका लग्नात त्यांची गाठ पडली. पंगत उठेपर्यंत त्या कोपऱ्यात खुर्चीवर बसून होत्या. मी प्रकृती विचारली तेव्हा त्या शांतपणे म्हणाल्या, "फोटो छान आहे हे खरेच. पण दुखतो तो गुडघा माझा आहे, फोटोतला नव्हे." जन्मभर मुलांच्या चुका दाखविण्यात गेलेल्या शिक्षिकेचा तो स्वर होता. त्यात राग नव्हता, म्हणूनच तो अधिक लागला.

या स्मरणिकेचे वाचक दोन प्रकारचे आहेत. काही वैद्यकीय व्यवसायातील सहकारी, तर काही स्वतःचा अथवा आईवडिलांचा गुडघा बदलून घेतलेले, किंवा बदलावा की नाही या विचारात असलेले समाजबांधव. प्रस्तुत लेख दोघांसाठीही आहे. यशस्वी शस्त्रक्रियांची वर्णने आपण पुष्कळ वाचतो आणि ती खोटी नसतात. परंतु शस्त्रक्रिया तांत्रिकदृष्ट्या निर्दोष झाली असूनही ज्यांचे दुखणे थांबत नाही, त्यांच्याविषयी आपल्याकडे फारसे बोलले जात नाही.

किती जणांना होते?

सर जॉन चार्नली यांनी इंग्लंडमधील राइटिंग्टन येथे १९६२ च्या सुमारास खुब्याच्या कृत्रिम सांध्याला आजचे स्वरूप दिले. त्यापुढील दशकात गुडघ्याचे सांधेही त्या वाटेने स्थिरावले. आज ही शस्त्रक्रिया वैद्यकशास्त्राच्या मोठ्या यशांपैकी एक मानली जाते, आणि ते योग्यच आहे. आपल्या देशात ऑगस्ट २०१७ मध्ये केंद्र सरकारने गुडघ्याच्या कृत्रिम सांध्यांच्या किमतीवर मर्यादा घातली, त्यामुळे मध्यमवर्गीय घरांतही तिचा विचार अधिक सहजपणे होऊ लागला.

या यशाला दुसरी बाजू आहे. बेस्विक व त्यांच्या सहकाऱ्यांनी निरनिराळ्या अभ्यासांचे एकत्रित परीक्षण करून २०१२ साली 'बीएमजे ओपन' या नियतकालिकात निष्कर्ष प्रसिद्ध केले. शस्त्रक्रियेनंतर तीन महिने ते पाच वर्षे या काळात गुडघ्याच्या बाबतीत सुमारे १० ते ३४ टक्के, तर खुब्याच्या बाबतीत सुमारे ७ ते २३ टक्के रुग्णांना लक्षणीय वेदना होत असल्याचे त्यांना आढळले. आपण व्यवहारात 'पाच जणांतील एक' असे धरून चाललो तर फारसे चुकणार नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या रोगवर्गीकरणाची अकरावी आवृत्ती जानेवारी २०२२ पासून लागू झाली. तीत शस्त्रक्रियेनंतर तीन महिन्यांहून अधिक काळ टिकणाऱ्या वेदनेला स्वतंत्र निदानाचे स्थान मिळाले आहे. म्हणजे 'काही नाही, होईल कमी' असे म्हणून सोडून द्यावी अशी ही तक्रार राहिलेली नाही.

तरीही आपल्या भागातील रुग्ण बोलत नाहीत. मुलाने कर्ज काढून शस्त्रक्रिया केलेली असते. शेजारीण तीन महिन्यांत गोव्याला देवदर्शन करून आलेली असते. 'तुझे तेवढेच का दुखते?' हा प्रश्न घरात रोज विचारला जातो. दुखते असे म्हणणे म्हणजे मुलाच्या पैशांचा आणि डॉक्टरांच्या हाताचा अपमान, असे त्या माउलीला वाटते. मग ती दुखणे गिळते आणि औषधांच्या दुकानातून परस्पर गोळ्या आणवते. पुढे कधीतरी मूत्रपिंडाची तक्रार घेऊन ती आपल्यापैकीच एखाद्या फिजिशियनकडे पोहोचते, तेव्हा ही गोष्ट उघड होते.

एक खुलासा येथेच करणे आवश्यक आहे. शस्त्रक्रियेनंतरच्या पहिल्या काही महिन्यांत गुडघा थोडा गरम लागणे, संध्याकाळी सुजणे, चालल्यावर दुखणे हे स्वाभाविक आहे. सुधारणा वर्षभर चालू राहू शकते. महत्त्व आहे ते दिशेला. महिन्यागणिक दुखणे उतरत असेल तर धीर देणे हाच उपचार होय. दुखणे एका जागी थांबले असेल, वाढत असेल, किंवा झोप मोडत असेल, तर तीन महिन्यांनंतर केवळ धीर देणे पुरेसे नाही.

रुग्णाच्या शब्दांकडे लक्ष

रुग्णाला 'दुखते का?' असे विचारले की 'हो' एवढेच उत्तर मिळते. 'कसे दुखते?' असे विचारून गप्प बसले की आपली भाषा आपल्या मदतीला येते. वेदनेच्या बाबतीत मराठी फार श्रीमंत आहे. ठणका, कळ, चमक, रग, सल, आग, ठसठस, मुंग्या, बधिरपणा, अवघडलेपणा या शब्दांपैकी कोणतेही दोन एकाच अर्थाचे नाहीत. खेड्यातील निरक्षर वृद्धादेखील त्यांतील योग्य तो शब्द अचूक निवडते.

'ठणका लागतो, रात्री पडल्यापडल्याही थांबत नाही' असे रुग्ण म्हणाला, तर माझ्या मनात प्रथम जंतुसंसर्गाची शंका येते. 'बसून उठल्यावर पहिली चार पावले टाकताना कळ येते, मग कमी होते' हे वर्णन हाडातील पकड सैल झाल्याकडे बोट दाखविते. 'जिना उतरताना गुडघा दगा देतो' असे म्हणणाऱ्या रुग्णाच्या सांध्याची स्थिरता तपासावी. त्याचे स्नायुबंध ढिले असू शकतात, अथवा मांडीचा स्नायू दुबळा असू शकतो. समोरच्या बाजूस, विशेषतः जिना चढताना व खुर्चीवरून उठताना दुखणे हे वाटीच्या भागातील असते. आणि 'आग होते, मुंग्या येतात, कापड लागलेले सोसत नाही' ही भाषा मज्जातंतूंची आहे. माझ्या मुख्याध्यापिकांनी पहिल्याच भेटीत हे शब्द माझ्यासमोर ठेवले होते. मी तेव्हा फोटो पाहत होतो.

बेळगाव परिसरातील अनेक रुग्ण कन्नड बोलतात. त्यांच्या तोंडी 'उरि' हा शब्द आला तर ती आग, आणि 'जोमु' म्हटले तर तो बधिरपणा अथवा मुंग्या, हे येथील सहकाऱ्यांना मी सांगण्याची गरज नाही. दुभाष्याकरवी विचारताना मात्र हे सारे शब्द 'दुखतंय म्हणतात' एवढ्या एकाच वाक्यात विरघळून जातात. म्हणून दुभाषा शेजारी असला तरी रुग्णाचा मूळ शब्द ऐकून तो तसाच केसपेपरवर लिहावा, ही माझी सूचना आहे.

शब्दांवरून निदान होत नाही, दिशा मात्र मिळते. त्यापुढचा प्रश्न काळाचा. दुखणे कधी सुरू झाले? शस्त्रक्रियेनंतर वर्षभर गुडघा उत्तम होता आणि आता दुखू लागला, तर संसर्ग, सैलपणा किंवा हाडाला गेलेली चीर यांचा विचार करावा. शस्त्रक्रियेपासून एकही दिवस बरा गेला नाही, तर सांध्याची ठेवण, स्थिरता, सुरुवातीचा संसर्ग किंवा मज्जातंतू यांचा विचार होतो. आणि 'शस्त्रक्रियेपूर्वी जसे दुखत होते, अगदी तसेच आताही दुखते' असे रुग्ण म्हणत असेल, तर आपण मुळात चुकीच्या जागी हात घातला होता काय, हा अवघड प्रश्न स्वतःला विचारावा लागतो.

खानापूर तालुक्यातील एका शेतकऱ्याच्या बाबतीत उत्तर नेमके तेच निघाले. गुडघा झिजलेला होता यात शंका नव्हती, परंतु दुखणे मुख्यत्वे त्याच बाजूच्या खुब्यातून येत होते. ऑब्ट्युरेटर मज्जातंतूच्या शाखा खुब्याला व गुडघ्याला दोन्हीकडे जातात, त्यामुळे खुब्याचे दुखणे गुडघ्यात जाणवते. आपण हे पदवीच्या परीक्षेत लिहिलेले असते आणि दवाखान्यात विसरतो. रुग्णाला उताणे निजवून पाय आत वळवून पाहण्यास अर्धे मिनिटही लागत नाही. त्या शेतकऱ्याने शर्टाच्या बाहीने डोळे पुसले, तेव्हा माझे लक्ष त्याच्या खुब्याकडे गेले. गुडघ्यापूर्वी खुबा व कंबर तपासलीच पाहिजे, हा नियम मी त्यानंतर एकदाही मोडलेला नाही.

शोधाचा क्रम

या शोधात पहिला मान संसर्गाचा. त्याचे प्रमाण शेकड्यात एक-दोन असले तरी तो चुकला तर सांधाच काढावा लागतो. रक्तातील सी-रिअ‍ॅक्टिव्ह प्रोटीनची पातळी शस्त्रक्रियेनंतर साधारण सहा ते आठ आठवड्यांत पूर्ववत होते. ईएसआर उतरण्यास मात्र काही महिने लागतात. म्हणून तीन महिन्यांनंतर प्रोटीन चढलेले असेल तर ते गंभीरपणे घ्यावे. अर्थात संधिवाताच्या रुग्णात इतर कारणेही असतात. त्यापुढची पायरी म्हणजे सांध्यातील द्रव काढून तपासणे. हे काम शस्त्रक्रियागृहात, निर्जंतुक वातावरणात, अस्थिरोगतज्ज्ञानेच करावे.

माझ्या कुटुंबवैद्य मित्रांना येथे कळकळीची विनंती आहे. सांधेरोपण झालेला गुडघा लाल, गरम किंवा ठणकत असेल तर 'बघू या पाच दिवस' म्हणून प्रतिजैविक सुरू करू नका. त्या गोळ्यांनी संसर्ग बरा होत नाही, फक्त दबतो. मग द्रवातून जंतू वाढत नाहीत आणि आपण सारेच अंधारात चाचपडतो. औषध थांबवून किमान दोन आठवडे वाट पाहावी लागते, आणि तेवढा अवकाश प्रत्येक वेळी मिळतोच असे नाही. रुग्ण तापाने फणफणला असेल तर त्यास त्याच दिवशी पाठवावे. तसेच कृत्रिम सांध्यात स्टेरॉइडचे इंजेक्शन देण्याचा मोह टाळावा; त्यातून संसर्गाची वाट उघडू शकते.

क्ष-किरण चित्र एकटे पाहू नये. शस्त्रक्रियेनंतर लगेच काढलेले आणि आजचे ही दोन्ही चित्रे शेजारी ठेवून पाहावीत. हाड व सिमेंट यांच्यामधील काळी रेघ रुंदावत आहे काय, हे तुलनेतच कळते. अस्थिस्कॅनवर पहिल्या वर्षात फार विसंबू नये, कारण तो निरोगी सांध्यातही वर्षभर किंवा अधिक काळ उजळलेला राहतो. निकेलच्या अ‍ॅलर्जीविषयी रुग्ण हल्ली मोबाइलवर वाचून येतात. तिचा विचार सर्वांत शेवटी करावा. पायाचा रंग बदलणे, घाम येणे, कातडी चकचकीत होणे अशी लक्षणे असतील तर ते वेगळे दुखणे आहे आणि त्यासाठी वेदनातज्ज्ञाकडे लवकर पाठविणे हिताचे असते.

सारे शोधूनही कारण मिळाले नाही, तर? रुग्ण म्हणतो, 'उघडून बघा ना एकदा.' शल्यचिकित्सकाचाही हात शिवशिवतो. परंतु नेमके कारण हाती नसताना केलेली फेरशस्त्रक्रिया बहुधा निराशाच पदरी टाकते, हे अनुभवाने व अभ्यासाने सिद्ध झालेले आहे. या ठिकाणी नकार देणे हेच कौशल्याचे काम आहे. मात्र 'माझ्याकडे यापुढे काही नाही' असे सांगणे आणि 'शस्त्रक्रियेने नाही, पण इतर मार्गांनी आपण प्रयत्न करू' असे सांगणे यांत फार अंतर आहे.

कारण सापडत नाही तेव्हा

धातूला आणि प्लॅस्टिकला वेदना होत नाहीत. त्या हाडाला, आवरणाला, स्नायुबंधांना, कातडीला आणि या सर्वांचा निरोप वाहून नेणाऱ्या मज्जासंस्थेला होतात. ज्यांचा गुडघा शस्त्रक्रियेपूर्वी दहा-बारा वर्षे दुखत होता, त्यांच्या मज्जारज्जूला व मेंदूला वेदनेचा निरोप मोठा करून ऐकण्याची सवय लागलेली असू शकते. झिजलेला सांधा काढून टाकला तरी ती सवय लगेच जात नाही. रुग्णांना मी सांगतो, चोर पळून गेला तरी वाड्यावरचा कुत्रा रात्रभर भुंकतच राहतो. कुत्रा खोटे बोलत नाही, पण घरात चोरही नाही. ही उपमा शास्त्राच्या कसोटीवर पूर्ण उतरत नाही, पण तिने दोन कामे होतात. वेदना खरी आहे हे आपण मान्य करतो, आणि प्रत्येक कळेबरोबर सांधा मोडत नाही हा दिलासाही देतो. दुसरी गोष्ट फार महत्त्वाची आहे, कारण सांधा बिघडेल या भीतीने रुग्ण चालणे सोडतो आणि मग स्नायू दुबळे होऊन दुखणे खरोखरच वाढते.

चिंता, उदासीनता, आणि 'आता माझे काही खरे नाही' अशी विचारांची घसरण ज्यांच्यात आधीपासून असते, त्यांच्यात हे दुखणे अधिक आढळते हे खरे आहे. परंतु या माहितीचा दुरुपयोग फार होतो. 'तुम्ही बाऊ करता' हे वाक्य रुग्णाच्या तोंडावर फेकले की संवाद संपला. मनाची अवस्था वेदनेला खतपाणी घालते म्हणून वेदना खोटी ठरत नाही.

औषधांविषयी थोडक्यात. आग, मुंग्या, स्पर्शही न सोसणे अशी लक्षणे असतील तर नेहमीच्या वेदनाशामकांचा उपयोग कमी होतो. ड्युलोक्सेटिन, प्रिगॅबालिन किंवा रात्री अल्प मात्रेत अ‍ॅमिट्रिप्टिलिन यांतून निवड करावी. वृद्धांत प्रिगॅबालिनने घेरी येऊन पडण्याचा धोका असतो आणि मूत्रपिंड दुबळे असेल तर मात्रा कमी करावी लागते. काचबिंदू अथवा प्रोस्टेटची तक्रार असताना अ‍ॅमिट्रिप्टिलिन टाळावे. ड्युलोक्सेटिन चालू असताना ट्रॅमाडॉल सहजपणे जोडू नये. सूज उतरविणाऱ्या गोळ्या मधुमेही व रक्तदाबाच्या रुग्णांना महिनोन्‌महिने देऊ नयेत. गावोगावी पुड्यांतून मिळणाऱ्या, नाव नसलेल्या 'गुडघ्याच्या औषधा'त कित्येकदा स्टेरॉइड मिसळलेले असते, याचा विचार प्रत्येक वेळी मनात असावा.

औषधांपेक्षा अधिक वेळ दिनक्रमावर द्यावा. आपल्याकडील गृहिणीचे एक ठराविक चक्र असते. एखाद्या दिवशी बरे वाटले की ती सारे घर झाडून-पुसून, पापड लाटून, पाहुण्यांचा स्वयंपाक करून मोकळी होते आणि पुढचे तीन दिवस अंथरुणावर काढते. काम थोडे थोडे वाटून घेणे, दुखो वा न दुखो ठरलेली पावले रोज चालणे, आणि ती आठवड्यागणिक थोडी वाढविणे यांनी गोळ्यांपेक्षाही जास्त फरक पडताना मी पाहिला आहे. काठी दुखऱ्या बाजूच्या विरुद्ध हातात धरावी. दहापैकी आठ रुग्ण ती चुकीच्या हातात धरून येतात, असे माझे आपले निरीक्षण आहे. झोपेची विचारपूस प्रत्येक भेटीत करावी.

शेकाविषयी इशारा देतो. गुडघ्याच्या मधोमध उभा छेद घेताना सॅफिनस मज्जातंतूची समोरून आडवी जाणारी शाखा बहुधा कापली जाते. त्यामुळे व्रणाच्या बाहेरील बाजूची कातडी बधिर राहते. हा दोष नव्हे. तो शस्त्रक्रियेचाच एक परिणाम आहे आणि तो आधीच सांगितला तर कोणी घाबरत नाही. परंतु त्या बधिर कातडीवर गरम पाण्याची पिशवी ठेवून झोपलेल्या, आणि सकाळी फोड आलेला पाहून धावत आलेल्या दोन मधुमेही आज्या माझ्या स्मरणात आहेत. शेक घ्यायचाच तर पिशवी आधी हाताच्या पाठीला लावून पाहावी आणि पडून झोपताना कधीही घेऊ नये.

जमिनीवर बसण्याचा प्रश्न केवळ सांध्याचा नाही. पूजेला, भजनाला, पंगतीला मांडी घालता न येणे हे आपल्या समाजात एका परीने पंगतीतून उठविल्यासारखे वाटते. बहुतेक कृत्रिम गुडघे त्यासाठी लागणारा पूर्ण वाक देत नाहीत. काहींना तो साधतोही, पण त्या हट्टापायी रोज दुखणे ओढवून घेणारे रुग्ण अनेक आहेत. देवघर कमरेच्या उंचीवर आणणे, भजनात खुर्चीची एक रांग सर्वांसाठीच ठेवणे, असे साधे बदल घरच्यांनी व मंडळांनी केले तर त्या एका माणसाला वेगळे वाटणार नाही.

ब्रिटनमधील आठ रुग्णालयांत ३६३ रुग्णांवर झालेला 'स्टार' नावाचा अभ्यास २०२२ साली 'लॅन्सेट रुमॅटॉलॉजी'त प्रसिद्ध झाला. गुडघ्याच्या सांधेरोपणानंतर तीन महिन्यांनी ज्यांना बऱ्यापैकी वेदना होत होत्या, त्यांची प्रशिक्षित व्यक्तीने सविस्तर तपासणी केली, कारणानुसार योग्य तज्ज्ञाकडे पाठविले आणि वर्षभर दूरध्वनीवरून पाठपुरावा ठेवला. नेहमीच्या पद्धतीपेक्षा या रुग्णांची वेदना वर्षअखेर कमी आढळली. फरक प्रचंड नव्हता, पण त्यात कोणतेही नवे यंत्र किंवा महाग औषध नव्हते, ही गोष्ट आपल्यासारख्या शहरांसाठी लक्षात घेण्याजोगी आहे. तीन महिन्यांचा तो एक दूरध्वनी आपल्या दवाखान्यातील परिचारिकाही करू शकते.

मुख्याध्यापिकांचे पुढे काय झाले? लग्नानंतरच्या आठवड्यात मी त्यांना बोलावून घेतले. या वेळी तासभर दिला. खुबा, कंबर, रक्त, सांध्यातील द्रव सारे तपासले. काहीच सापडले नाही. व्रणाच्या आतल्या बाजूस बोट फिरविले तरी त्या दचकत होत्या. ड्युलोक्सेटिन, कातडीला निरनिराळ्या कापडांची हळूहळू सवय लावणे, सकाळ-संध्याकाळ ठरलेले चालणे आणि झोपेची शिस्त यांवर आठ महिने गेले. दहापैकी सात असलेली वेदना तीन-चारवर आली. शून्यावर आली नाही, येईल असे वचनही मी दिले नव्हते. आता त्या रात्री झोपतात. शेजारच्या दोन मुलांना गणित शिकवितात, खुर्चीवर बसून.

शस्त्रक्रियेपूर्वीच्या माझ्या बोलण्यातही तेव्हापासून फरक पडला. पाच जणांतील एकाचे दुखणे पुरते जात नाही, हे मी आता रुग्णासमोर आणि त्याच्या मुलांसमोर एकत्रच सांगतो. ज्यांच्या चित्रात झीज थोडी आणि दुखणे मात्र फार, ज्यांचे अंग ठिकठिकाणी दुखते, त्यांना अधिक स्पष्टपणे सांगतो. काहीजण विचार करून परत येतात, काही येत नाहीत.

शेवटी, असा रुग्ण आमच्याकडे पाठविताना सहकाऱ्यांनी चिठ्ठीत पुढील मजकूर लिहिला तर निम्मे काम होते : शस्त्रक्रियेची तारीख, मध्यंतरी गुडघा कधी निर्दुख होता काय, दुखण्यासाठी रुग्णाने वापरलेला शब्द, ताप, दाताची वा लघवीची अलीकडची तक्रार, मधुमेहाचा शेवटचा अहवाल, चालू असलेल्या सर्व गोळ्या, दुकानातून परस्पर घेतलेल्यासुद्धा, आणि प्रतिजैविक दिले गेले असल्यास त्याचे नाव व शेवटची गोळी घेतल्याची तारीख. जुने क्ष-किरण चित्र घरी ट्रंकेत असते, तेही शोधून सोबत आणावयास सांगावे.